गॅस गेला कुठे? गाडीच्या एसीच्या गार-गरम गोष्टी

गाडीच्या एसीतला गॅस वापरून संपत नाही. पेट्रोल जळतं, टायर घासतात, ब्रेकचे पॅड झिजतात. गॅस मात्र बंद नळ्यांमधून तोच तो फिरत राहतो. लहान हॅचबॅकमध्ये तो असतो तरी किती? साधारण ३५० ते ५०० ग्रॅम. रबरी होज आणि कॉम्प्रेसरच्या सीलमधून वर्षाकाठी थोडासा झिरपतो, हे खरं. पण गेल्या वर्षी भरलेला गॅस यंदा गायब असेल, तर नळीला कुठेतरी भोक आहे, एखादी ओ-रिंग सुकली आहे किंवा कंडेन्सरला खडा लागला आहे.

तरीही एप्रिल उजाडला की गॅरेजच्या दारात एकच मागणी ऐकू येते: “गॅस मारून द्या.” ताप आला म्हणून कोणी डॉक्टरला थेट सलाइन लावायला सांगत नाही. एसीच्या बाबतीत आपण नेमकं तेच करतो आणि पैसे वाया घालवतो. खरं तर एसी आपलं दुखणं स्वतःच सांगत असतो. ऐकायचं कसं, ते पाहू या. वाटेत थोडा इतिहास, थोडं विज्ञान आणि थोडे उंदीरही भेटतील.

हात लावा, कान द्या

गाडी सुरू करा, एसी लावा, बोनेट उघडा. ओढणी, सैल बाही, मोकळे केस पट्ट्यापासून आणि पंख्यापासून लांब ठेवा. एसीचे दोन पाइप दिसतील, एक जाड, एक बारीक. जाड पाइप काही मिनिटांत गार पडून त्यावर घाम यायला हवा. बारीक पाइप गरम लागायला हवा. तो बोटाने जपूनच चाचपा, कारण कॉम्प्रेसरजवळ चटका बसू शकतो. दोन्ही पाइप सारखेच कोमट लागले, तर एक तर कॉम्प्रेसर चालत नाही किंवा आत गॅसच उरलेला नाही.

हे असं का? एसी थंडी तयार करत नाही, उष्णता उचलून बाहेर टाकतो. आर-१३४ए हा गॅस मोकळ्या हवेत उणे २६ अंशांनाच उकळतो. डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये त्याची वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता तो आतल्या हवेतून घेतो. कॉम्प्रेसर ती वाफ दाबतो, रेडिएटरपुढचा कंडेन्सर उष्णता बाहेर फेकतो, गॅसचा पुन्हा द्रव होतो आणि एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून परत कॉइलमध्ये येतो. या चार घरांपैकी एकही अडलं की गारवा गेला.

पंखा चारवरच चालतो?

एक, दोन, तीन नंबरला सामसूम आणि चारला जोरात वारा. हा गॅसचा आजारच नाही. पंख्याचा वेग कमी करणारा रेझिस्टर जळला आहे. चौथ्या नंबरला वीज त्याला टाळून थेट मोटरकडे जाते, म्हणून तेवढा एक वेग जिवंत राहतो. सुटा भाग लहान, काम थोड्या वेळाचं.

यातली गंमत पुढे आहे. रेझिस्टर मुद्दाम हवेच्या वाटेतच बसवलेला असतो, म्हणजे ब्लोअरच्याच वाऱ्याने तो थंड राहतो. केबिन फिल्टर धुळीने गच्च झाला की वारा कमी होतो, रेझिस्टर तापतो आणि एक दिवस जळतो. तेव्हा नवा रेझिस्टर बसवताना फिल्टरही पाहून घ्या. बहुतेक गाड्यांत तो ग्लोव्हबॉक्सच्या मागे असतो आणि हाताने निघतो. काही स्वस्त मॉडेल्समध्ये कंपनी फिल्टर देतच नाही. तिथे धूळ सरळ कॉइलवर जाऊन बसते.

हायवेला गारेगार, सिग्नलला घाम

गाडी पळताना एसी उत्तम आणि ट्रॅफिकमध्ये उभं राहिलं की कोमट वारा. कंडेन्सरवरून वारा जात नाहीये. धावत्या गाडीला समोरचा वारा आपोआप मिळतो. उभ्या गाडीला पंखा लागतो. एसी लावल्यावर पुढचा पंखा फिरतो का, तेवढं पाहा. फिरत नसेल तर फ्यूज, रिले, वायर, मोटर असा क्रम लावायचा. फिरत असेल तर कंडेन्सरची जाळी पाहा: किडे, चिखल, प्लॅस्टिकची पिशवी, सगळं तिथेच अडकतं. साध्या नळाच्या पाण्याने हळुवार धुवा. प्रेशर वॉशरचा फवारा जवळून मारला तर पातळ पत्र्याच्या पट्ट्या वाकतात आणि वाट कायमची बुजते.

वारा आटला, पण थांबलो की परत आला

हा माझा सर्वांत आवडता बिघाड, कारण तो भल्याभल्यांना चकवतो. मुंबईहून निघताना झकास गारवा. तास-दीड तासाने व्हेंटमधून वाराच येईनासा होतो, ब्लोअरचा आवाज मात्र चालू. चहाला पंधरा-वीस मिनिटं थांबलं की पुन्हा सगळं ठीक. गॅरेजला नेल्यावर तर काहीच सापडत नाही, कारण तोवर पुरावा वितळून गेलेला असतो.

पुरावा म्हणजे बर्फ. कॉइलवर चिकटलेला सेन्सर तापमान शून्याजवळ आलं की कॉम्प्रेसर थांबवतो. तो सेन्सर बिघडला किंवा जागेवरून सरकला की कॉम्प्रेसर थांबतच नाही, कॉइलवरचं पाणी गोठतं आणि हवेची वाट बंद होते. तुंबलेला फिल्टर आणि कमी झालेला गॅस यांनीही असंच होऊ शकतं. वाटेत असं झालं तर एसीचं बटण बंद करा आणि नुसता ब्लोअर चालू ठेवा, बर्फ वितळेल. मेकॅनिकला सांगताना ‘एसी गार होत नाही’ म्हणू नका, ‘तासाभराने वारा बंद होतो’ असं सांगा. या एका वाक्याने तो डॅशबोर्डमागच्या नेमक्या जागी पोचेल.

सकाळी चालतो, दुपारी रुसतो

बऱ्याच गाड्यांमध्ये एसी लावल्यावर बोनेटखालून ‘टक्’ असा आवाज येतो. तो मॅग्नेटिक क्लचचा. इंजिनाच्या पट्ट्यावर पुली सतत फिरत असते. विद्युतचुंबकाने समोरची चकती ओढली की मगच कॉम्प्रेसर फिरू लागतो. या दोघांतली फट मिलिमीटरच्या अंशाएवढी असते. वर्षानुवर्षं झिजून ती वाढते. गार असताना चुंबक चकतीला कसाबसा ओढतो. तापल्यावर चुंबकाच्या तारेचा विरोध वाढतो, ओढ कमी पडते आणि चकती सुटते. अशा वेळी अनेकांना अख्खा कॉम्प्रेसर बदलायला सांगतात. कित्येक क्लचमध्ये आतला एक पातळ वॉशर काढून फट कमी केली तरी काम होतं. निदान विचारा तरी.

उलट ‘टक्-टक्-टक्’ असं काही सेकंदांच्या अंतराने होत असेल तर गॅस कमी असण्याची शक्यता मोठी. दाब पडला की स्विच कॉम्प्रेसर थांबवतो, दाब चढला की पुन्हा चालू करतो. आणि व्हेंटमधून येणारी हवा कोमट, पण पाइप मात्र छान गार? मग हीटरची गरम हवा अडवणारा आतला फ्लॅप अडकलेला असू शकतो. गार हवेत गरम हवा मिसळते आहे. जाणता मेकॅनिक हीटरला जाणारा पाण्याचा होज क्षणभर चिमटून बघतो. गारवा परतला की निदान पक्कं.

गाडीखाली पाणी? छान!

पार्क केलेल्या गाडीखाली स्वच्छ पाण्याचा ओघळ दिसला की नवे गाडीमालक घाबरतात. घाबरू नका. हवेतली वाफ गार कॉइलवर जमून थेंब होतात आणि ते एका नळीने खाली पडतात. दमट दिवशी हे पाणी पडलंच पाहिजे. पडत नसेल आणि पुढच्या सीटखालचा गालिचा ओला होत असेल, तर ती नळी कचऱ्याने तुंबली आहे. पाणी चिकट, रंगीत आणि गोडसर वासाचं असेल तर प्रकरण वेगळं: ते कूलंट आहे, हीटरची जाळी गळते आहे. तेव्हा इंजिनाच्या काळजीने लगेच गॅरेज गाठा.

ओल्या मोज्यांसारखा वास येतो तो कॉइलवरच्या बुरशीचा. मुक्काम जवळ आला की शेवटची काही मिनिटं एसी बंद करून नुसता ब्लोअर चालवा. कॉइल सुकते, बुरशीला ओल मिळत नाही. सुगंधी डब्या टांगून हा वास जात नाही, फक्त झाकला जातो.

बंद करायला पट्टा काढा!

कारखान्यातूनच एसी लावून विकायला ठेवलेली पहिली गाडी अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीची. १९३९ साली शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ती लोकांनी पाहिली. एसीसाठी २७४ डॉलर जास्त मोजावे लागत. कूलिंग कॉइल डिकीत होती आणि सामानाची बरीच जागा तिनेच खाल्ली होती. शिवाय कॉम्प्रेसरला क्लचच नव्हता! एसी पुरता बंद करायचा तर इंजिन थांबवायचं, बोनेट उघडायचं आणि हाताने पट्टा उतरवायचा. थोड्याच वर्षांत हा प्रकार बंद झाला. १९५४ साली नॅश कंपनीने सगळं यंत्र बोनेटखाली आणि डॅशबोर्डमागे आटोपशीर बसवलं, आणि आजच्या एसीची बैठक तिथे ठरली.

त्या काळी अमेरिकेच्या वाळवंटी भागात गाडीच्या खिडकीला बाहेरून एक नळकांडं लावत. आत पाणी आणि ओलं भरण; धावत्या गाडीचा वारा त्यातून गार होऊन आत शिरे. म्हणजे आपला डेझर्ट कूलरच. नागपूर-चंद्रपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात तो चालला असता. रत्नागिरीत नसता, कारण दमट हवा आणखी पाणी घ्यायलाच तयार नसते.

हाच फरक एसीलाही सोसावा लागतो. एक लिटर पाणी वाफेतून थेंबात आणायला सुमारे २,४५० किलोज्यूल उष्णता काढावी लागते. मुंबईत ३४ अंशांना एसीची बरीच ताकद हवा सुकवण्यातच जाते. अकोल्यात ४४ अंशांना हवा जास्त तापलेली असते, पण कोरडी असते. व्हेंटमध्ये साधा थर्मामीटर धरून पाहा: चांगल्या एसीतून, हवा आतल्या आत फिरवत असताना, ५ ते १० अंशांची हवा यावी, दमट किनाऱ्यावर थोडी जास्त चालेल.

एका माणसाचे दोन शोध

थॉमस मिजली हा जनरल मोटर्ससाठी काम करणारा अमेरिकन संशोधक. १९२१ मध्ये त्याने पेट्रोलमध्ये शिसं मिसळायची युक्ती काढली. १९२८ मध्ये त्याच्या गटाने फ्रिजसाठी न जळणारा, विषारी नसलेला वायू तयार केला, तो म्हणजे फ्रीऑन. १९३० मध्ये त्याने भर सभेत हा वायू छातीत भरून घेतला आणि फुंकरीने मेणबत्ती विझवून दाखवली. टाळ्या पडल्या. पुढे शिशाने माणसांच्या मेंदूला इजा केली आणि फ्रीऑनच्या जातीच्या वायूंनी ओझोनच्या थराला.

हे ओझोनचं गणित मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी १९७४ मध्ये मांडलं. १९८७ मध्ये ओझोन वाचवण्यासाठी मॉन्ट्रियल करार झाला, १९९५ मध्ये दोघांना पॉल क्रुट्झेन यांच्याबरोबर नोबेल मिळालं. गाड्यांतला जुना फ्रीऑन, म्हणजे आर-१२, जाऊन आर-१३४ए आला. तो ओझोनला धक्का लावत नाही, पण हवेत सुटलेला १ किलो आर-१३४ए शंभर वर्षांच्या हिशेबात साधारण १,४०० किलो कार्बन डायऑक्साइडएवढी उष्णता अडवतो. युरोपात २०१७ पासून नव्या मोटारींत तो चालत नाही. तिथे आर-१२३४वायएफ वापरतात. गळती न शोधता दर उन्हाळ्यात गॅस भरणं मला खुपतं ते खिशापेक्षा या कारणाने जास्त.

बंद गाडीतला काटा फसवतो

ही गोष्ट प्रत्येक गाडीमालकाने लक्षात ठेवावी. इंजिन बंद असताना एसीच्या नळ्यांना दाबाचा गेज लावला तर दोन्ही काटे सारखे दिसतात, आणि तो दाब बाहेरच्या तापमानावर ठरतो: ३० अंशांना साधारण ९७ पीएसआय, ४० अंशांना १३३. नळ्यांमध्ये थोडा जरी द्रव उरला असेल तरी काटा तिथेच उभा राहतो. म्हणजे गॅस पूर्ण आहे की निम्मा, हे त्यावरून कळतच नाही!

मग खरं माप कोणतं? वजन. बोनेटच्या आत किंवा पुढच्या पट्टीवर बहुतेक गाड्यांना एक स्टिकर असतो. त्यावर गॅसचं नाव आणि ग्रॅममधला आकडा छापलेला असतो. चांगलं गॅरेज उरलेला गॅस यंत्राने काढून घेतं, गळती शोधतं, व्हॅक्यूम मारतं आणि मग स्टिकरप्रमाणे तोलून भरतं. ‘थोडा जास्त मारतो, साहेब’ असं कोणी म्हणालं तर हात जोडून नको म्हणा. जादा गॅसने दाब चढतो आणि गारवा उलट कमी होतो.

चालू गाडीतले काटे मात्र बोलके असतात. दोन्ही बाजू कमी, तर गॅस कमी. दोन्ही चढलेल्या, तर कंडेन्सर तुंबलाय, पंखा बंद आहे किंवा गॅस जादा झालाय. कमी दाबाची बाजू चढलेली आणि जास्त दाबाची पडलेली, तर कॉम्प्रेसर थकला. कमी बाजू शून्याखाली गेली, तर एक्सपान्शन व्हॉल्व्ह चोकअप.

व्हॅक्यूम कशासाठी मारतात, माहीत आहे? नळ्यांतली हवा आणि ओल काढायला. आतला दाब बाहेरच्या हवेच्या दाबाच्या ४ टक्क्यांपर्यंत उतरवला की पाणी ३० अंशांनाच उकळू लागतं आणि वाफ होऊन पंपातून निघून जातं. म्हणून पंप अर्धा-पाऊण तास चालायला हवा. पाच मिनिटांत उरकलेल्या व्हॅक्यूमने ओल आतच राहते. ती व्हॉल्व्हच्या छिद्रात गोठते आणि आतला धातू गंजवते.

गळती शोधायच्या तऱ्हाही मजेदार आहेत. नायट्रोजन भरून सांध्यांवर साबणाचा फेस लावतात, बुडबुडा दिसला की चोर सापडला. किंवा गॅसबरोबर रंग सोडतात आणि अतिनील दिव्याखाली गळकी जागा हिरवी-पिवळी चमकते. दिवा नसला तरी नळीच्या सांध्यावर तेलकट, धूळ बसलेला डाग शोधा. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही बाहेर येतं.

अवाजवी स्वस्त गॅसपासून मात्र लांब राहा. २०११ मध्ये व्हिएतनाममध्ये शीतकंटेनरांच्या यंत्रांचे स्फोट होऊन माणसं दगावली. संशय होता तो आर-१३४ए म्हणून भरलेल्या भेसळयुक्त गॅसवर. त्यातला मिथाइल क्लोराइड ॲल्युमिनियमशी प्रक्रिया करून हवेत पेट घेणारं रसायन बनवतो.

घाटात आणि पावसात

चढावर ॲक्सिलरेटर तळाला दाबला की अनेक गाड्यांचा संगणक काही सेकंद कॉम्प्रेसर सोडून देतो, म्हणजे सगळी ताकद चाकांना मिळते. कसारा घाटात ओव्हरटेक करताना वारा क्षणभर कोमट झाला तर तो बिघाड समजू नका.

आणि पावसाळ्यात एसी बंद ठेवू नका. आंबोलीच्या धुक्यात आतून काच धुरकट झाली की बाहेरची हवा घेऊन एसी काचेवर सोडा. सुकी हवा ती झटकन पुसते. धुरकटपणा बाहेरून असेल तर काच जास्त गार झालेली असते: वायपर फिरवा, तापमान थोडं वाढवा. थंडीतही आठवड्यातून एकदा पाच-दहा मिनिटं एसी चालवा. गॅसबरोबर फिरणारं तेल कॉम्प्रेसरच्या सीलला ओलं ठेवतं. सील सुकलं की गळती सुरू.

पावसाळ्यात उंदरांचाही मोसम असतो. कोरडी, उबदार जागा म्हणून ते ब्लोअरच्या खोक्यात घर करतात, फिल्टर कुरतडतात, क्लचची वायर तोडतात. एसी अचानक पूर्ण मेला असेल तर गॅसआधी वायर पाहा.

उन्हातून आल्यावर

कडक उन्हात बंद गाडीचं आतलं तापमान पहिल्या दहा मिनिटांतच साधारण १० अंशांनी चढतं, आणि बहुतेक वाढ अर्ध्या तासात होऊन जाते. काच दोन बोटं उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. मूल किंवा म्हातारं माणूस ‘दोनच मिनिटं’ म्हणूनसुद्धा आत ठेवू नका. निघताना दारं उघडून गरम हवा जाऊ द्या, काचा खाली घेऊन थोडं चाला, मग काचा लावून हवा आतल्या आत फिरवा. लांबच्या प्रवासात अधूनमधून बाहेरची हवा घ्या, नाहीतर साचलेल्या कार्बन डायऑक्साइडने चालकाला पेंग येते.

इलेक्ट्रिक गाडी असेल तर

इथे पट्टा नाही. कॉम्प्रेसर बॅटरीच्या शेकडो व्होल्टवर चालतो. काही गाड्यांत तोच गॅस बॅटरीलाही गार ठेवतो, म्हणून एसीचा बिघाड चार्जिंगचा वेगसुद्धा पाडू शकतो. साध्या गाडीतलं पॅग तेल यात चालत नाही. विजेला अडवणारं पीओई तेल लागतं. चुकीचं तेल थोडंसं मिसळलं तरी कॉम्प्रेसरचं विजेपासूनचं संरक्षण ढासळतं. गेजच्या नळ्यांमध्ये आधीच्या गाडीचं तेल राहिलेलं असतं, तेव्हा काम सुरू होण्याआधी विचारा: “इलेक्ट्रिक गाडीसाठी वेगळ्या नळ्या आहेत का?”

आणि मालट्रक

४५ अंशांच्या उन्हात, इंजिनाच्या शेजारी बसून, विदर्भातून मुंबईपर्यंत माल आणणाऱ्या चालकांच्या केबिनमध्ये वर्षानुवर्षं एसी नव्हता. एकूण वजन साडेतीन टनांहून जास्त असलेल्या नव्या मालट्रकांच्या केबिनमध्ये एसी देणं २०२५ पासून सक्तीचं झालं. नियम नव्या गाड्यांना आहे. आधीचे ट्रक रस्त्यावर आहेत तसेच आहेत, आणि त्यांच्यात मागाहून एसी बसवून देणाऱ्या मालकांचं मनापासून कौतुक वाटतं. तिथेही कंडेन्सरची जाळी आणि केबिनचा फिल्टर साफ करायला विसरू नका. ट्रक गाडीपेक्षा कितीतरी जास्त धूळ खातो.